पोपडा उलटा करून पाहा : पत्र्याच्या पाट्यांवरील टेक्स्चरची दुरुस्ती

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांमध्ये या वेळी पत्र्याच्या पाट्यांविषयीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. सोसायट्या, शाळा, दवाखाने आणि दुकाने यांच्या दर्शनी पाट्यांवर भिंतीच्या गिलाव्यासारखा दिसणारा दाणेदार, खडबडीत लेप देण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत रुळली आहे. व्यवहारात त्याला सगळेच ‘टेक्स्चर’ म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे. हे काम दिसते सुंदर, पण ते भिंतीचे काम आहे आणि पाटी पत्र्याची आहे. भिंत जाड असते, जागची हलत नाही आणि उन्हात सावकाश तापते. पत्रा पातळ असतो, वाऱ्याने थरथरतो आणि सूर्य ढगाआड गेला की काही मिनिटांत निवू लागतो. पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत १० फूट लांबीचा लोखंडी पत्रा ४० अंश सेल्सिअसने तापला, तर तो सुमारे दीड मिलिमीटर वाढतो. तेवढाच ॲल्युमिनियमचा पत्रा जवळजवळ तीन मिलिमीटर वाढतो. ही ओढाताण रोज होते आणि लेपाला ती रोज सोसावी लागते, हे लक्षात ठेवून पुढील उत्तरे वाचावीत.

प्रश्न : आमच्या शाळेची पाटी फाटकाशेजारी उभी आहे. बॉक्स पाइपची फ्रेम, तिच्यावर अठरा गेजचा लोखंडी पत्रा आणि पत्र्यावर वाळूच्या रंगाचे टेक्स्चर, असे काम चार वर्षांपूर्वी करून घेतले. दुसऱ्याच पावसाळ्यात खालच्या कडेला फुगवटे आले. गेल्या मे महिन्यात रंगाऱ्याने सुटलेला भाग खरडून तिथे भिंतीची पुट्टी भरली आणि वरून पुन्हा टेक्स्चर मारले. गणपतीपर्यंत ते सगळे खाली आले. नवी पाटी करण्याइतका निधी शाळेकडे नाही. टिकाऊ दुरुस्ती कशी करावी?
— एक मुख्याध्यापिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नवी पाटी करण्याची वेळ बहुधा येणार नाही. मात्र कोणतेही सामान आणण्यापूर्वी गळून पडलेला एक पोपडा उचला आणि उलटा करून उजेडात पाहा, कारण पाटीचे दुखणे त्याच्या मागच्या बाजूवर लिहिलेले असते. मागे गंजाचा तपकिरी थर चिकटलेला असेल, तर पाणी पत्र्यापर्यंत पोहोचले आहे आणि गंजाने लेप आतून उचलला आहे. मागची बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर लेपाने पत्र्याला कधी धरलेच नव्हते. प्रायमर पत्र्यावर शाबूत राहून केवळ टेक्स्चर सुटले असेल, तर पत्र्याचे संरक्षण ठीक आहे आणि बिघाड दोन थरांच्या मध्ये आहे. बोटाला खडूसारखी भुकटी लागत असेल, तर उन्हाने झिजलेल्या जुन्या रंगावर न घासता नवा लेप चढवलेला आहे.

मालवणकडच्या एका पाटीचा असा एक पोपडा माझ्या टेबलावर आजही आहे. तो तळहाताएवढा आहे. पुढून पाहिले तर दाणा न् दाणा जागच्या जागी, रंगही फारसा विटलेला नाही. मागे मात्र गंजाचा पातळ थर आहे आणि त्या गंजात ग्राइंडरच्या चाकाच्या गोलाकार रेघा ठशासारख्या उमटल्या आहेत. पत्रा घासून चकचकीत केला होता, पण प्रायमरचा एकही हात दिला नव्हता आणि उघड्या लोखंडावर पाण्यात कालवलेले टेक्स्चर थेट थापले होते, एवढी सगळी हकीकत त्या तुकड्यावर वाचता येते. समोरून लेप निर्दोष दिसत असतानाही पाटी गेलेली असू शकते, हे मला त्या पोपड्याने शिकवले.

आपल्या पाटीवर भिंतीची पुट्टी वापरली, ही मूळ दोषापेक्षाही मोठी चूक झाली. ही पुट्टी पांढऱ्या सिमेंटची असते. तिला खडबडीत, शोषून घेणारा पाया लागतो. गुळगुळीत पत्र्यावर ती नुसती बसून राहते, पत्रा थरथरला की तिला केसासारख्या चिरा पडतात आणि त्या चिरांतून आत आलेले पाणी ती स्पंजासारखे धरून ठेवते. ते पाणी आणि किनाऱ्यावरच्या हवेतील मीठ एकत्र आले की गंज थांबत नाही. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे वरचा लेप कितीही चांगला असला तरी तो उचलला जातोच.

आता प्रत्यक्ष काम. एक नाणे घेऊन पाटीवर सर्वत्र हलकेच ठोकत जा. लेप घट्ट असेल तिथे आवाज बद्द आणि भरीव येतो, सुटला असेल तिथे पोकळ येतो. पोकळ भागाभोवती खडूने रेघ ओढा आणि त्या रेघेच्या बाहेर आणखी दोन इंचांपर्यंतचा लेप काढून टाका. डोळ्यांना दिसणाऱ्या फुगवट्यापुरतेच खरडले, तर गंजाची कड आत शिल्लक राहते आणि पुढच्या पावसात तिथूनच पुन्हा सुरुवात होते. रंगाऱ्याची खरडायची पत्री, वायर ब्रश आणि ग्राइंडर वापरून लोखंड उजळ होईपर्यंत घासा. या वेळी चष्मा आणि मास्क लावणे टाळू नये. पातळ झालेल्या जागी पेचकसाचे टोक जोर देऊन टेकवा. ते आरपार गेले, तर तिथे कोणतीही पुट्टी भरू नका. तेवढा तुकडा कापून नव्या पत्र्याचे ठिगळ वेल्डिंगने बसवून घ्या. वेल्डिंग प्रायमरच्या आधी करायचे असते, कारण नंतर केले तर त्या उष्णतेने आजूबाजूचा रंग जळतो.

घासल्यानंतर उघडा पत्रा गोड्या पाण्याने भरपूर धुवा आणि लगेच कोरडा करा. कोकणात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्रास गाळली जाते. गंजाच्या बारीक खड्ड्यांत मीठ बसलेले असते, ते डोळ्यांना दिसत नाही. धुऊन कोरडा केलेला पत्रा तासाभरात पिवळसर पडू लागला, तर मीठ अजून शिल्लक आहे असे समजावे, पुन्हा घासावे आणि पुन्हा धुवावे. पत्रा स्वच्छ राहिला की थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी, शक्यतो तीन-चार तासांच्या आत, प्रायमरचा पहिला हात द्या. उघडे लोखंड रात्रभर ठेवू नका.

प्रायमर दोन डब्यांचे इपॉक्सी, झिंक फॉस्फेटयुक्त घ्यावे. साधे रेड ऑक्साइड स्वस्त असते आणि आतल्या ग्रीलसाठी चालते, पण समुद्राजवळच्या उघड्या पाटीसाठी मी ते सुचवणार नाही. दोन्ही डबे कंपनीने लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा, अंदाजाने हार्डनर ओतू नका. आधी पत्र्याच्या सर्व कडा, वेल्डिंगचे सांधे आणि भोके ब्रशने रंगवून घ्या, मगच संपूर्ण भाग. धारदार कडेवरून रंग वाळताना मागे सरकतो आणि तिथला थर सर्वांत पातळ राहतो, म्हणून कडा आधी कानशीने किंचित गोल करून घेतल्या तर फार बरे. इपॉक्सीचा दुसरा हात ओला असतानाच त्यावर चाळलेली, गोड्या पाण्यात धुतलेली आणि कढईत भाजून कोरडी केलेली बारीक वाळू भुरभुरावी. ही वाळू नदीची असावी. समुद्रकाठची वाळू कितीही धुतली तरी येथे वापरू नये. हात पक्का वाळल्यावर सुटे कण झाडून टाका. राहिलेले कण टेक्स्चरला धरण्यासाठी असंख्य बारीक खुंट्यांसारखे उपयोगी पडतात.

त्यावर बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारे तयार ॲक्रिलिक टेक्स्चर वापरा. घरी सिमेंट-वाळू कालवून केलेला लेप पत्र्यावर चालत नाही, कारण त्याला लवचिकपणा नसतो. एका वेळी दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. पूर्ण वाळल्यावर बाहेरच्या कामाच्या ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात द्या, म्हणजे दाण्यांमधल्या बारीक फटी बंद होतात. खालच्या कडेला अर्धा इंच पट्टी टेक्स्चरविना, नुसत्या रंगाची ठेवा. दाणेदार लेप थेट कडेपर्यंत उतरवला, तर पाटीवरून ओघळणारे पाणी नेमके त्याच्या तोंडाशी थांबते आणि लेपाच्या पोटात शिरते. आपल्या पाटीचे दुखणे तिथूनच सुरू झाले असावे.

फ्रेमच्या खालच्या बॉक्स पाइपला प्रत्येक टोकाशी आठ मिलिमीटरचे एक भोक पाडून घ्या, आत साचलेले पाणी त्यातून निघून जाईल. भोकाच्या कडांनाही प्रायमर द्या. कुंभारीण माशी अशी भोके मातीने बुजवते, म्हणून दर मे महिन्याच्या अखेरीस त्यांत तार घालून ती मोकळी करावी लागतात. शाळेचा शिपाई हे काम पाच मिनिटांत करू शकेल.

हे सारे नोव्हेंबर ते मार्च या काळात करावे. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की टेक्स्चरवर वरून साय धरते आणि आतले पाणी अडकून राहते. थंडीतही पहाटे पत्र्यावर दव असते. ते दिसत नसले तरी हाताला गार आणि ओलसर लागते. म्हणून काम सकाळी दहानंतर सुरू करावे आणि संध्याकाळी दव पडण्यापूर्वी दोन-तीन तास थांबवावे.

प्रश्न : आमच्या दवाखान्याची पाटी एसीपी शीटची आहे. तिच्यावरचे टेक्स्चर तुकड्यांनी पडत नाही, एका कोपऱ्याला धरून ओढले तर चादरीसारखे सलग निघते. आत गंज अजिबात नाही. पुन्हा चांगल्या कंपनीचे टेक्स्चर लावले तर टिकेल का?
— एक डॉक्टर, पिंपरी-चिंचवड

उत्तर : कंपनी बदलून उपयोग होणार नाही. एसीपी म्हणजे प्लास्टिकच्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे कागदासारखे पातळ पत्रे चिकटवलेली शीट. सगळी मिळून तीन-चार मिलिमीटर जाड असते आणि वरचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड नसतो. त्याच्या दर्शनी बाजूला कारखान्यातच रंग भाजून बसवलेला असतो आणि त्यावर धूळ, पाणी, रंग काहीही चिकटू नये हाच त्या रंगाचा गुण असतो. त्यातल्या महागड्या प्रकाराचे, म्हणजे पीव्हीडीएफचे, नॉनस्टिक तव्यावरच्या लेपाशी रासायनिक नाते आहे. अशा पृष्ठभागावर न घासता टेक्स्चर चढवले, की ते आपण सांगता तसेच चादरीसारखे निघते.

जे सुटत आहे ते सगळे काढून टाका आणि घट्ट वाटणारा भागही ठेवू नका, कारण आज ना उद्या तोही सुटणार आहे. हीट गन वापरण्याचा मोह टाळा. गाभ्याचे पॉलिथिलीन १०० अंशांच्या थोडे पुढे गेले की मऊ होते आणि मग पत्रा लाटेसारखा उठतो. त्यावर कोणताही इलाज नाही. लेप काढल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हाताने घासा. उद्देश फक्त चकाकी मारण्याचा आहे, रंग आरपार काढण्याचा नाही. नंतर ॲल्युमिनियमसाठीचे प्रायमर एका कोपऱ्यात वीतभर जागेत लावा आणि पूर्ण वाळू द्या. त्यावर ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरच्या अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, म्हणजे पंचवीस बारीक चौकोन तयार होतील. त्यांवर चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागच्या जागी राहिले तर पुढे जा. पट्टीबरोबर निघून आले, तर शीट पीव्हीडीएफची आहे असे समजा आणि त्या पाटीवर टेक्स्चरचा आग्रह सोडून द्या. मूळच दाणेदार छपाईची नवी शीट बसवणे तशा वेळी स्वस्त पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक इशारा येथेच देतो. ॲल्युमिनियमवर सिमेंट किंवा चुना असलेला ओला लेप कधीही लावू नये. त्यातील अल्कलीची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होते, बारीक बुडबुडे उठतात आणि पत्रा खाल्ला जातो.

प्रश्न : दुरुस्ती मजबूत झाली, पण ठिगळ रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येते. रंग तोच आहे, सामानही तेच आहे. मग फरक का दिसतो?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : टेक्स्चर डोळ्यांना दिसते ते रंगामुळे कमी आणि सावलीमुळे जास्त. प्रत्येक दाण्याची एक इवलीशी सावली पडते, आणि दाण्याचा आकार किंवा उंची थोडी जरी वेगळी झाली तरी त्या भागाची एकूण छटाच पालटते. दुपारी बारा वाजता ऊन डोक्यावर असताना कदाचित फरक कळणार नाही, सकाळी आठच्या तिरप्या उन्हात तो लगेच उठून दिसेल. त्यामुळे नमुना जुळवण्याचे काम तिरप्या उजेडातच करावे.

मी वापरतो ती पद्धत सांगतो. पडलेल्या जुन्या लेपाची एक वाटी भुकटी घ्यावी आणि हलक्या हाताने कुटून दाणे मोकळे करावेत. मग ती स्वयंपाकघरातल्या चाळणीतून आणि शेवटी चहाच्या गाळणीतून चाळावी. कोणत्या जाळीवर किती दाणा राहतो हे पाहिले की मूळ कामात भरड दाणा किती आणि बारीक किती होता याचा चांगला अंदाज येतो. दुकानातल्या तयार डब्यातले मिश्रण बहुतेक वेळा बारीक असते, त्यात चाळलेला भरड दाणा वेगळा मिसळावा लागतो. या चाळण्या पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

त्यानंतर मूळ लेप कोणत्या हत्याराने दिला होता ते ओळखावे. रोलरने दिलेल्या लेपाला एका दिशेने ओढल्यासारखी टोके असतात. हॉपर गनने उडवलेल्या लेपाचे दाणे सुटे आणि गोलसर बसतात. थापीने दाबलेल्या लेपाचे माथे चपटे असतात, बोट फिरवल्यावर ते लगेच कळते. हत्यार चुकले तर बाकी सारे जुळवूनही ठिगळ लपत नाही. पत्र्याच्या एका टाकाऊ तुकड्यावर दोन-तीन नमुने करावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत, पाटीशेजारी धरावेत आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहावेत. ओल्या नमुन्यावरून निर्णय घेऊ नये.

राहिला प्रश्न ठिगळाच्या कडेचा. मोकळ्या मैदानासारख्या पृष्ठभागाच्या मधोमध ठिगळ संपवले तर ती कड डोळ्यांत भरणारच. काम थोडे वाढवून पाटीचा कोपरा, एखादी खाच, अक्षरांची ओळ किंवा चौकटीची पट्टी अशा ठिकाणापर्यंत न्यावे. जिथे तशी सोय नसेल, तिथे ओल्या स्पंजाने नवा लेप जुन्यावर विरळ करत न्यावा. शेवटी रंग मात्र ठिगळापुरता देऊ नये. आधी संपूर्ण दर्शनी भाग मऊ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने धुवावा, कारण जुन्या दाण्यांच्या खळग्यांत साठलेली धूळ हीसुद्धा एक छटाच असते, आणि मग कडेपासून कडेपर्यंत एकच हात द्यावा.

प्रश्न : जीआय पत्र्याच्या पाटीवर ऑइल पेंटचा अस्तराचा हात देऊन मग टेक्स्चर केले होते. वर्षभरात अस्तरासह सगळे सुटले. पत्रा मात्र नव्यासारखा आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जीआय पत्र्यावरचा जस्ताचा थर आणि ऑइल पेंटमधील तेल यांची हळूहळू प्रक्रिया होऊन दोहोंच्या मध्ये साबणासारखा पदार्थ तयार होतो आणि रंगाची पकड सुटते. म्हणून जीआयवर ऑइल पेंट किंवा साधे रेड ऑक्साइड थेट लावू नये. सगळे खरडून काढा, साबणाच्या पाण्याने पत्रा धुवा, बारीक पेपरने हलके घासा आणि जस्तासाठीचे एच (etch), म्हणजे पृष्ठभाग किंचित खाऊन पकड घेणारे, प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर वापरा. घासताना जस्त निघून लोखंड उघडे पडणार नाही एवढी काळजी घ्या. पुढचे काम पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे.

प्रश्न : २०२३ च्या अखेरीस आम्ही दुकानाच्या टेक्स्चर केलेल्या पाटीवर मराठी अक्षरे घाईने बसवून घेतली. आता प्रत्येक अक्षराखालून तपकिरी ओघळ आले आहेत, शिरोरेषेच्या वर लेप फुगला आहे आणि एका शब्दाची शिरोरेषा मध्येच तडकली आहे.
— एक दुकानदार, दादर, मुंबई

उत्तर : दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दोन महिन्यांत मुंबईतल्या पाट्या करणाऱ्या कारागिरांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. पाट्या मराठीत झाल्या याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच ती अक्षरे चांगली टिकावीत असे वाटते.

तयार पाटीत अक्षरासाठी पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे उघड्या लोखंडाची एक कड असते. तिथे प्रायमर लागलेला नसतो, स्क्रू साधा लोखंडी असतो आणि दाणेदार लेपामुळे स्क्रूखालचा वॉशर सपाट बसत नाही, त्यामुळे पाणी थेट आत जाते. पाटी दिव्यांची असेल तर प्रथम वीजपुरवठा बंद करून घ्या. अक्षरे उतरवा, भोकांभोवतीचा एक इंच लेप काढा, भोकाची कड कानशीने साफ करा आणि बारीक ब्रशने भोकाच्या आतून इपॉक्सी प्रायमर लावा. मग टेक्स्चर आणि रंग पूर्ण करा आणि सर्वांत शेवटी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, नायलॉनचे वॉशर आणि सिलिकॉन वापरून अक्षरे परत बसवा. सिलिकॉन आधी लावले तर त्यावर रंग धरत नाही, म्हणून हा क्रम सोडू नये. सिलिकॉनच्या नळीचे तोंड उघडून वास घ्या. शिरक्यासारखा आंबट वास आला तर ते धातूवर वापरू नका, कारण वाळताना त्यातून सुटणारे ॲसिटिक आम्ल भोकाच्या कडेलाच गंज चढवते. दुकानदाराकडे ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागावे.

शिरोरेषेचा प्रश्न आपल्या लिपीचा आहे आणि इंग्रजी अक्षरांची सवय असलेल्या कारागिराच्या तो लक्षात येत नाही. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यांच्यामधून पाणी वाहून जाते. देवनागरी शब्द शिरोरेषेने जोडून एकसंध कापला, की तिची वरची कड लांबलचक फळीसारखी होते. पाटी आणि अक्षर यांच्यात फट नसेल तर त्या फळीवर धूळ साठते, धूळ पाणी धरते आणि त्या रेषेच्या वरचा लेप पावसाळाभर ओला राहतो. म्हणून अक्षरांमागे किमान अर्ध्या इंचाचे स्पेसर घालावेत, म्हणजे पाणी मागून वाहून जाईल आणि झाडणीचे टोकही आत पोहोचेल.

शिरोरेषा तडकण्याचे कारणही त्या एकसंधपणातच आहे. अशी अक्षरे बहुधा ॲक्रिलिकच्या प्लास्टिक शीटमधून कापलेली असतात, आणि ही शीट तापल्यावर लोखंडाच्या पाच-सहा पट प्रसरण पावते. पाच फूट लांबीचा शब्द ४० अंशांच्या फरकाने चार मिलिमीटर वाढतो आणि त्याखालचा लोखंडी पत्रा एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. दोन्ही टोके स्क्रूने आवळून टाकली, तर मधला भाग तडकणारच. मधले एक भोक गोल ठेवावे, बाकीची आडवी, लांबट करावीत आणि त्यांतले स्क्रू अक्षर हलू शकेल इतपतच आवळावेत. तडकलेला शब्द नव्याने कापून घ्यावा लागेल. त्या वेळी शिरोरेषा दोन शब्दांच्या मध्ये तोडण्यास सांगा, ती एका लांब पट्टीसारखी सलग ठेवू नका.

प्रश्न : आजोबांच्या दुकानाची साठेक वर्षांची लोखंडी पाटी घरी सापडली. पार्श्वभूमीला जाड, दाणेदार रंग आहे आणि अक्षरे हाताने रंगवलेली आहेत. काही जागी लेप सुटला आहे. गॅसच्या ज्योतीने सगळा जुना रंग जाळून काढावा आणि नव्याने टेक्स्चर करावे, असा सल्ला मिळाला आहे.
— एक वाचक, पणजी

उत्तर : कृपया तसे करू नका. त्या काळच्या पिवळ्या, नारिंगी आणि पांढऱ्या रंगांत, तसेच लाल प्रायमरमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. ज्योतीने रंग जाळला तर शिशाची वाफ होते, ग्राइंडर लावला तर धूळ होते आणि दोन्ही श्वासावाटे शरीरात जातात. लहान मुलांसाठी हे फार घातक आहे.

घट्ट असलेला लेप तसाच राहू द्या. सुटलेला भाग आधी पाण्याने भिजवून वॉटर पेपरने ओलाच घासा, खाली प्लास्टिकचा कागद अंथरा आणि निघालेला चिखल त्याच कागदात गुंडाळून बाजूला ठेवा, तो अंगणात किंवा मोरीत धुऊ नका. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, सूक्ष्म धूळ अडवणारा मास्क लावा. त्यानंतर उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मूळ दाण्याशी जुळणारे ॲक्रिलिक टेक्स्चर, एवढेच ठिगळापुरते करा. संपूर्ण पाटी नव्याने रंगवू नका, त्यात हाताने काढलेली अक्षरे जातील. पाटी पुन्हा बाहेर लावायची असेल तर छज्जाखाली, पाऊस थेट लागणार नाही अशा भिंतीवर लावा.

आणि काम सुरू करण्याआधी, पहिला पाण्याचा थेंब लागण्यापूर्वी, अक्षरांवर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यांच्या बाह्यरेषा पेन्सिलीने उतरवून घ्या. तिरप्या उजेडात पाहिले तर कुंचला कुठे टेकला आणि कुठे उचलला तेही दिसेल, ते त्या कागदावर बारीक खुणांनी नोंदवून ठेवा. दुरुस्तीत एखाद्या अक्षराची वेलांटी गेली, तर ती परत काढायला तोच कागद लागेल.